विहीणबाई मधल्याच स्टेशनावर उतरत

माझ्या विहीणबाईंनी मला फसवलं, आणि विहीणबाईंना त्यांच्या पोटच्या मुलानं, म्हणजे माझ्या जावयानं फसवलं. पहिल्या फसवणुकीबद्दल मी विहीणबाईंना केव्हाच माफ केलं. दुसरीबद्दल मी कुणालाही माफ केलेलं नाही आणि करायची घाईही मला नाही. पण जावयाकडे वळण्याआधी विहीणबाई कोण होत्या ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल, एवढी आगपाखड कशासाठी?

चोपड्यापासून धुळ्यापर्यंत, तापीच्या दोन्ही काठांवर, जन्मात एकदाही भाव न करणारी ही एकच बाई मी पाहिली. मी स्वतः सौद्यावर जगलेली. नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. सुरतेहून साड्या आणायच्या आणि चोपडा-अमळनेरच्या गावांतून दारोदार विकायच्या, हे मी एकटीनं सुरू केलं, आणि पुढे बाजारात स्वतःच्या नावाचं दुकान टाकलं. सुरतेचे व्यापारी मला लांबून पाहिलं की म्हणत, "अक्कांना चहा आधी पाजा. एकदा बोलायला बसल्या की चहा थंड होतो." माझा राग त्यांना ठाऊक होता. एकदा एकानं डाग पडलेला माल चांगल्या मालात घडी घालून दिला, तेव्हा मी त्या साड्या त्याच्याच गादीवर एकेक उलगडल्या आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला डाग बोट लावून दाखवत दुपारपर्यंत बसून राहिले. अशा बाईच्या नशिबी अशी विहीण यावी, हाच मुळात अन्याय.

लेकीचं लग्न ठरवायला मी अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी गेले ती पूर्ण तयारीनं. ते लोक काय मागतील, त्यावर मी काय म्हणायचं, कुठे डोळ्यांत पाणी आणायचं आणि कुठे उठून जायचं, सगळं बैलगाडीत पाठ केलेलं. मी मुद्दामच फार खालून सुरुवात केली. विहीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोर दी ऱ्हायनात तुम्ही, आखो काय देतस? पुरे." आणि उठून पोहे करायला गेल्या. मी म्हटलं, वऱ्हाड जास्त नको. त्या आतूनच म्हणाल्या, "तुम्ही सांगा तितलंच." मी म्हटलं, मानपान साधाच होईल. त्या म्हणाल्या, "साधाच बरा." समोरचा ओढतच नसेल तर दोरी हातात धरून माणूस किती वेळ उभा राहणार? त्या दिवशी परत येताना माझी खात्रीच पटली की मुलात काहीतरी खोट आहे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन मुलाला चालायला लावलं, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं, कुठल्यातरी निमित्तानं हसवून त्याचे दातसुद्धा पाहिले. विहीणबाई चुलीपाशी बसून पदराआड हसत होत्या. म्हणाल्या, "बैलले देखतस तसं देखी ऱ्हायन्यात. शेपटी नही शे त्याले." मुलात तेव्हा काही खोट सापडली नाही. ती पुढे दिसली, आणि ती दातांत नव्हती.

लग्नानंतर त्या एकट्याच शेताच्या घरी राहत. मुलगा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला, माझी लेक आणि शिकायला ठेवलेली त्याची धाकटी बहीण त्याच्याबरोबर तिथल्या कॉलनीत. एकदा त्या म्हणाल्या की मी सुरत पाहिली नाही. मी लगेच हिशोब केला: एका बाईला दोन गाठोडी उचलतात, दोन बायकांना चार. म्हटलं, चला की. त्या दिवसापासून महिन्या-दीड महिन्यानं, रविवारी पहाटेच्या पॅसेंजरनं आम्ही दोघी अमळनेरहून निघायचो. रविवार एवढ्यासाठी, की सोमवारी सकाळी बाजार उघडताना आपण दारात हजर पाहिजे. पहिल्या गिऱ्हाइकाला व्यापारी सहसा परत पाठवत नाही.

विहीणबाईंबरोबर प्रवास म्हणजे एक वेगळाच छळ होता. त्या डब्यात चढताना दाराशी चपला काढायच्या. देवळात काढतात तशा, नीट, भिंतीला लावून. मी ओरडले, तर म्हणाल्या, "इतला लोके बठेल शेतस, त्यास्ना मजार चपला घाली कशी जाऊ?" त्यांच्या चपला नंदुरबारच्या आत कुणीतरी घालून उतरायचं. निदान चार वेळा त्या सुरत शहर अनवाणी फिरल्या, आणि चौथ्यांदा मी चिडून नवी जोडी घेऊन दिली, तर दुकानदाराला म्हणतात, "इतली स्वस्त? तुम्हले परवडस का भाऊ?" मी तिथेच कपाळाला हात लावला. भाकरीचंही तसंच. फडकं सोडलं की आधी आसपासची माणसं मोजायच्या आणि तेवढे तुकडे करायच्या. ठेचा सगळ्यांना. मी माझ्या घरून आणलेली भाकरी, माझ्याच हाती तिचा चतकोर यायचा, आणि उरलेली खाणारा कोणीतरी पागोटेवाला मला विचारायचा, "बाई, तुम्ही काय आणलं नाही का?"

आणि बाजारात तर विचारू नका. व्यापारी किंमत सांगे, मी जिभेनं चुकचुक आवाज काढून साडी बाजूला सारे, आणि तेवढ्यात मागून विहीणबाई साडीवरचं बुट्टीकाम बोटानं चाचपत म्हणायच्या, "इतलं बारीक काम! करनारना डोया गयात व्हतीन." माझा अर्ध्या तासाचा डाव एका वाक्यात मोडायचा. एकदा तर त्यांनी त्या व्यापाऱ्याकडे त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, कारण मागच्या खेपेला तो फोनवर कुणाशी तरी गुडघ्यांचं बोलत होता. त्या माणसानं डोळे पुसले आणि आपण होऊन भाव खाली आणला, मी मागितला असता त्याहूनही खाली. मी तो माल घेतला, पण दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. कमावलेलं कसब आणि न कमावलेला भाव यांत फरक असतो, तो त्यांना कधी कळला नाही.

देवाच्या बाबतीतही आमचं जमत नसे. माझा देवाशी व्यवहार रोखठोक. धुळ्याच्या एकवीरेला मी नवस बोलले होते, दुकान लागू दे, तुला साडी नेसवीन. दुकान लागलं, मी साडी नेसवली, पण खरं सांगते, किंचित डाग असलेल्या लॉटमधली नेसवली, आणि डागाची बाजू आत घेतली. देवीनं तक्रार केली नाही, मीही पुन्हा विषय काढला नाही. विहीणबाई मात्र कुठल्याही देवाकडे कधी काही मागत नसत. वाटेत देऊळ दिसलं, दर्गा दिसला, नदीकाठचा शेंदूर लावलेला दगड दिसला, की जाऊन बसायच्या. हात जोडायच्या आणि बसायच्या. मी एकदा विचारलं, "विहीणबाई, मागता तरी काय एवढं?" तर म्हणाल्या, "मी मागाले नही जास, बठाले जास." आता बसायलाच जायचं तर घरी ओटा काय वाईट होता?

तर अशीच एका रविवारी गाडी नवापूरच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर थांबली. स्टेशनाचं नाव मी सांगणार नाही; तिथल्या लोकांना माझ्यामुळे आधीच पुरेसा त्रास झाला आहे. समोरून दुसरी गाडी यायची होती, म्हणून आमची खोळंबली. खिडकीतून भाताची शेतं, त्यापलीकडे कुडाच्या भिंतींचं आणि कौलाचं एक लांबट घर, आणि त्यातून पेटी आणि ढोलकीवर गाणं ऐकू येत होतं. चाल अगदी आपल्या भजनाची. विहीणबाई उठल्या. "गानं आयकू येस, दोन मिनिट बठस," म्हणाल्या, आणि उतरल्या. मी "अहो, अहो" करत रिकाम्या पिशव्या आणि भाकरीचं फडकं कवटाळून मागे पळाले. बांधावरच त्यांना गाठलं. म्हटलं, "अहो, ते ख्रिस्ती लोकांचं देऊळ आहे. कौलावर क्रूस दिसत नाही का?" त्या न थांबता म्हणाल्या, "देवनंच घर शे ना? कोन हाकलस आपले?" मागे गाडीनं शिटी दिली आणि निघून गेली. ही माझी पहिली फसवणूक. दोन मिनिटं बसते, असं त्या म्हणाल्या होत्या. पुढची गाडी दुपारची होती.

आत जमिनीवर सतरंज्या होत्या, एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. सगळे आसपासच्या पाड्यांवरचे आदिवासी, धुतलेल्या पण विटलेल्या कपड्यांतले. पुढे पाळक उभे होते. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. सडपातळ माणूस, पायजम्याच्या एका पायाला सायकलची चेन लागू नये म्हणून दोरी बांधलेली, ती सोडायची राहिलेली. त्यांनी आम्हाला पाहून गाणं न थांबवता मान हलवली आणि दोन बायका सरकल्या. विहीणबाई दाराशेजारी भिंतीला टेकून बसल्या, जणू तिथे रोज बसत होत्या. मी मात्र उकिडवीच बसले होते, हात पिशव्यांवर, आणि कुणी काय मागतं याची वाट पाहत होते. धर्माच्या जागी बोलावून घेतात ते काहीतरी काढून घ्यायलाच, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग प्रार्थनेची वेळ झाली. पाळक म्हणाले, आज आपल्यात दोन प्रवासी बहिणी आहेत, त्यांच्यासाठी कोणी प्रार्थना करील का? माझ्या शेजारची एक म्हातारी, हाताला चिखलाच्या भेगा, माझ्याकडे वळली आणि न विचारता तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या बोलीत ती काहीतरी म्हणत राहिली. मला त्यातला एकच शब्द कळला, 'सुरत'. माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवून किती वर्षं झाली होती हे मी तिथे मोजलं नाही, नंतर गाडीत मोजलं. तिचं संपलं. आता ही काय मागते, म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. नवस, वर्गणी, नाव लिहून घेणं, काहीतरी येणारच. तिनं पदरानं नाक पुसलं आणि भात शिजला का ते पाहायला मागच्या दारानं निघून गेली. बस. तेवढंच. मला एवढा राग आला की काय सांगू. उभ्या आयुष्यात माझ्याशी कुणी असा व्यवहार केला नव्हता, की ज्यात माझ्या बाजूला करायला काहीच शिल्लक नाही.

त्यानंतर दर खेपेला विहीणबाई तिथे उतरायच्या. मी दर खेपेला भांडायचे आणि दर खेपेला मागून उतरायचे. पिशव्या उचलायला त्या हव्यात म्हणून मी उतरते, असं मी सांगत असे. पण तो कौलाचा खण, भिंतीच्या फटींतून येणारं ऊन, ती गाणी, आणि मुख्य म्हणजे माझी जीभ दोन तास तोंडात स्वस्थ पडून राहायची, याची मला सवय लागली होती. तिथे देवापुढे मी न घासाघीस करता बसू शकत होते. एकवीरेपुढे मी उभी राहते ती व्यापारी म्हणून. तिथे मी कोण म्हणून बसत होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण सोमवारी बाजारात माझा आवाज आधीसारखा चढत नाही, असं सुरतेचे व्यापारी म्हणायला लागले होते. तोटाच तो.

भात कापून झाल्यावर त्यांचा सण असतो. पहिलं पीक देवाला आणतात. आम्ही त्या रविवारी गेलो तर पुढे भाताच्या पाट्या, भोपळे, वालाच्या शेंगा, दोन कोंबड्या आणि एका वाटीत एकच अंडं. उपासना झाली आणि पाळक म्हणाले, आता लिलाव. लिलाव म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. इतक्या महिन्यांनी एकदाचं माझ्या ओळखीचं काहीतरी निघालं होतं. एक भोपळा वर धरला गेला. बाजारात ज्याला कुणी हात लावला नसता असा वाकडा भोपळा. आणि त्या फाटक्या कपड्यांतल्या माणसांनी बोली लावायला सुरुवात केली, ती थांबेना. भोपळ्याची किंमत चार भोपळ्यांच्या वर गेली, मग दहाच्या. मला राहवेना. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "अरे थांबा रे, थांबा! वेडे झालात का? देठाशी मऊ लागलाय तो! आणि महाराज, तुम्ही तरी गरिबांना काय लुबाडता? अर्ध्या भावात उचला, नाहीतर मी उचलते!" पाळकांच्या हातातला भोपळा तसाच वर. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि बाया, बाप्ये, पाळकसुद्धा भोपळा पोटाशी धरून हसायला लागले. विहीणबाई तर भिंतीला डोकं टेकून रडेपर्यंत हसत होत्या. मला हाताला धरून खाली बसवत म्हणाल्या (त्यांच्या बोलीत विहिणीला याहीन), "याहीन, बठा. आठे भाव पाडतस नही, चढावतस."

मग कळलं. ज्यानं भोपळा घेतला त्यानं तो पुन्हा पुढे ठेवला, आणि पुन्हा लिलाव झाला. देवाला द्यायचं म्हणून जाणूनबुजून महाग घ्यायचं आणि घेतलेलं परत ठेवायचं, अशी त्यांची रीत. शेवटी ते अंडं आलं. ते त्याच म्हातारीनं आणलं होतं, जिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तिच्याकडे एवढंच होतं. कुणी बोली लावायच्या आत माझ्या तोंडून मोठा आकडा निघून गेला. का निघाला, मला विचारू नका. कुणी वर चढलंच नाही. अंडं माझ्या हातात आलं, आणि मी माळकरी बाई, जिथे अंड्याला कधी कुणी बोट लावलं नाही अशा घरातली, ते ओंजळीत धरून उभी. विहीणबाईंनी नुसतं वाटीकडे पाहिलं. मी ते वाटीत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माल घेऊन परत केला आणि पैसे परत मागितले नाहीत. सुरतेत पोचेपर्यंत मी विहीणबाईंशी बोलले नाही, आणि त्या खिडकीतून बाहेर पाहत तेच गाणं पुटपुटत होत्या.

आता लोकांच्या तोंडाचा प्रश्न. विहीणबाई बाटल्या, असं जे बोलतात त्यांना मी हे स्पष्ट सांगते. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ त्या सतरंजीवरही गळ्यात होती आणि कुणी ती काढ म्हणालं नाही. त्यांनी एकादशी सोडली नाही, दारातली तुळस सुकू दिली नाही, कुणाकडून एक दमडी घेतली नाही. त्यांना तिथे देव सापडत होता आणि तो त्यांना अमळनेरच्या देवळातही सापडत होता. तुम्हाला एकाच जागी सापडत असेल तर तो तुमचा प्रश्न आहे. आणि बाटल्या असत्या तरी तुमच्या बापाचं काय गेलं असतं?

पण हे बोलणं गावात पसरलं कुणामुळे? माझ्यामुळे. इथे मी स्वतःला सोडणार नाही. एका खेपेला आम्ही तिथे उतरलो आणि दुपारची गाडी आलीच नाही. सोमवारी दुपारी सुरत गाठली तोवर लग्नसराईचा चांगला लॉट दुसऱ्यानं उचलला होता. माझा राग आठ दिवस धुमसत होता. त्यातच नातवाचं जावळ होतं, दोन्हीकडचे पाहुणे जमलेले, आणि कुणीतरी मला सहज विचारलं, "अक्का, यंदा माल कमी दिसतो?" माझा तोल गेला. भरल्या पंगतीत मी म्हणाले, "माल कुठून येणार? आमच्या विहीणबाई दर रविवारी ख्रिस्ती लोकांच्या देवळात जाऊन बसतात, मला घेऊन!" वाढणाऱ्या बाईचा हात थांबला. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. मग त्या उठल्या आणि वरणाचं भांडं हातात घेऊन स्वतः वाढू लागल्या. जावई भिंतीशी उभा होता. त्याच्या धाकट्या बहिणीची सोयरीक तेव्हा जमत आली होती. त्यानं पाहुण्यांकडे एकदा पाहिलं, आणि तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

महिन्याभरात तो आईला दीपनगरला घेऊन गेला. आठ दिवस विश्रांती म्हणून. आठाचे पंधरा झाले, पंधराचे तीन महिने. मी भेटायला गेले तेव्हा त्या क्वार्टरच्या गॅलरीत, समोरच्या धुराड्यांकडे तोंड करून बसल्या होत्या. मी म्हटलं, "चला, रविवारी निघायचं." त्या म्हणाल्या, "नही याहीन. त्यास्नं पत्र येल शे." जावयानं त्यांना सांगितलं होतं की पाळकांचं पत्र आलं आहे, बाहेरच्या बायका येऊन बसतात त्यामुळे मंडळीला त्रास होतो, तरी कृपा करून येऊ नये. विहीणबाईंना वाचता येत नव्हतं. त्यानंच ते वाचून दाखवलं होतं. त्या मला समजावत होत्या, "त्यास्नी चूक नही शे. आपन गयूत ते त्यास्ले अवघड व्हस. आपला भार व्हस तठे कसाले जावानं?" माझ्या अंगाची आग झाली, पण ती कुणावर? त्या पाळकावर, त्या म्हातारीवर. पत्र दाखवा, असं म्हणायची बुद्धी मला झाली नाही. मी, जी साडीची प्रत्येक घडी उलगडून पाहते, ती एका कागदाची घडी उलगडून पाहायला विसरले.

पुढे दोन वर्षं मी एकटीच सुरतेला जात राहिले. ते स्टेशन आलं की तोंड दुसऱ्या खिडकीकडे फिरवायचे. एकदा गाडी पुन्हा तिथे खोळंबली आणि ते गाणं ऐकू आलं, तेव्हा मी खिडकीचं पत्र्याचं झाकण इतक्या जोरात खाली आपटलं की समोरच्या माणसाचा चहा सांडला. विहीणबाई दीपनगरलाच वारल्या. पावसाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. शेवटच्या दिवसांत, लेक सांगते, त्या कधी कधी विचारायच्या, "भात कापाई गया व्हई का वं?"

तेरावं झाल्यावर लेकीनं त्यांची पत्र्याची पेटी माझ्यासमोर उघडली. दोन लुगडी, माळेचे सुटे मणी, आणि लुगड्याच्या घडीत, पोथी ठेवावी तसं जपून ठेवलेलं ते पत्र. त्यांना येऊ नका सांगणारं असलं तरी तिथून आलेलं, म्हणून त्यांनी ते फेकलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. मी ते वाचलं. कॉलनीतल्या रहिवाशांना कळवण्यात येतं की टाकीची साफसफाई असल्यामुळे मंगळवारी सकाळी पाणी येणार नाही. एवढंच होतं. खाली शिक्का होता.

मी जावयाला हाक मारली आणि कागद त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "आई, बहिणीचं लग्न मोडलं असतं. मी काय करणार होतो?" मी म्हटलं, "तिला सांगायचं होतंस. तुझ्या बहिणीसाठी ती आपण होऊन थांबली असती. तिनं कुठल्या गोष्टीला कधी नाही म्हटलंय?" लेक रडायला लागली, म्हणून मी उठले. भांडण मी अर्ध्यात सोडण्याची ही पहिलीच वेळ.

त्यानंतरच्या रविवारी मी त्या स्टेशनावर उतरले. एकटी. उपासना सुरू झाली होती. पाळकांनी मान हलवली, बाया सरकल्या. दाराशेजारची भिंतीजवळची जागा रिकामी होती. घर भरलेलं होतं, दोन बाया उंबऱ्यात बसल्या होत्या, तरी तिथे कुणी बसलं नव्हतं. उपासना संपल्यावर पाळक माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या ताई येत नाहीत. आम्ही दोन वर्षं विचार करतोय. आमच्याकडून काही चूक झाली का? त्या दिवशी भोपळ्यावरून आम्ही हसलो, ते त्यांना लागलं का?" त्या गेल्या, एवढंच मी सांगू शकले. म्हातारीनं पुन्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मी, सबंध खानदेशात जिला कधी शब्द कमी पडला नाही ती बाई, त्यांना खरं काय ते सांगू शकले नाही, कारण ते सांगणं माझं काम नव्हतं. माझ्या वाट्याचं मी इथे सांगून टाकलंय, की गावात बोभाटा माझ्या तोंडानं झाला. दुसऱ्याच्या वाट्याचं मी का सांगू?

जावईबापू, तुम्ही हे वाचाल. नाही वाचलंत तर लेक वाचून दाखवील. मला उत्तर नको, मला तुमचं उत्तर ऐकायचंसुद्धा नाही. तुमची आई गेली ती त्या लोकांनी आपल्याला नको म्हटलं असं समजून, आणि ते लोक अजून बसले आहेत आपण तिचं मन दुखवलं असं समजून. इतकी चांगली माणसं दोन्ही बाजूंनी स्वतःलाच गुन्हेगार ठरवून बसली, आणि मधे तुम्ही. पहाटेची पॅसेंजर अजून आहे. उतरायचं कुठे ते मी सांगीन. आत जा, खाली बसा, आणि त्या माणसांच्या तोंडाकडे पाहून सांगा की पत्र कुणी वाचलं होतं. ते तुम्हाला हाकलणार नाहीत. ते कुणालाच हाकलत नाहीत, तुम्ही घाबरावं ते त्यालाच. कोणत्या रविवारी जाता, तेवढं मला कळवा.